पावणेसातचा माणूस

भोंडवेकाका पावणेसातला यायचे,
पतसंस्थेची रेक्झिनची बॅग काखेत,
आणि मी मशीनवरचा पाय न काढता
टाचण्यांच्या डबीखालून पन्नासची नोट सरकवायचे.
अकरा वर्षं. रोज.
फॉल-पिकोतले, हुकांतले, कुणी सुटे परत न मागितलेले
असे कुठून कुठून गोळा झालेले पन्नास,
घरच्या वहीला ज्यांचा पत्ता नव्हता.

घरची वही धनकवडीत,
फ्रिजच्या दांडीला दोरी, दोरीला पेन.
भाडं आणि लाइटबिल श्रीरंगचं,
किराणा, गॅस, मुग्धाची फी माझी.
गाडीचं पेट्रोल एक आठवडा हा, एक आठवडा मी.
एकदा सिटी प्राइडपाशी ते संपलं
तेव्हा आठवडा कुणाचा, यावरून
पद्मावतीपर्यंत गाडी ढकलत भांडलो.
मुग्धा मागून दोन दप्तरं घेऊन चालत होती.
एक तिचं, एक तिच्या मैत्रिणीचं.
ते का, हे विचारायचं राहूनच गेलं.

काका माझ्याकडून निघायचे ते उजवीकडे वळायचे.
तिकडे, दोन गल्ल्या सोडून, श्रीरंगचा बाइंडिंगचा कारखाना.
मला वाटायचं, त्या बाजूला त्यांचा चहा असेल.

मार्चात काकांनी गुडघे बदलले
आणि ते लेकीकडे सासवडला राहायला गेले.
आता येतो तो पोरगा बावीसेक वर्षांचा,
गळ्यात छोटं मशीन, हुशार.
इतका हुशार, की एकाच पत्त्याची दोन पासबुकं दिसली
तर एकाच पाकिटात घालून
रविवारी सकाळी घरी आणून दिली.
"तुमची खेप वाचली, ताई."

पोह्यांच्या बशा सरकवून आम्ही ती उघडली.
माझे एक लाख बारा हजार चारशे.
त्याचे एक लाख नऊ हजार सहाशे पन्नास.
"तुझे जास्त आहेत," हे पहिलं वाक्य.
दुसरं बराच वेळ आलं नाही.

मग आम्ही एकमेकांचं मागचं पान वाचत बसलो,
काढलेल्या रकमांचं.
जूनमध्ये माझे अठरा हजार:
म्हणजे माझ्या आईचा मोतीबिंदू
माझ्या भावानं केलाच नव्हता.
ऑक्टोबरात त्याचे पंधरा हजार:
म्हणजे त्या दिवाळीचा बोनस,
जो मी वहीत लाल पेनानं लिहिला होता
आणि ज्यावरून शेजारच्या गोडसेबाईंना ऐकवलंही होतं,
तो कारखान्यानं दिलाच नव्हता.

शेवटी ती खालची ओळ. नॉमिनी.
त्याच्या पासबुकात: सुलोचना, माता.
सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली.
माझ्या पासबुकात काहीच नाही.
त्या हुशार पोरानं तिथं पेन्सिलीनं
एक बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवलेलं.

मी म्हटलं, राहून गेलं असेल.
तो म्हणाला, माझंही.
त्याचं राहिलं होतं, हे खरं.

तो उठला, फ्रिजपाशी गेला, पेन ओढलं.
दोरी टेबलापर्यंत पुरली नाही.
क्षणभर पेन ताणून धरून तसाच उभा राहिला,
नंतर सोडून दिलं. ते दारावर
टक टक टक आपटत थांबलं.
"पोहे गरम करतेस का," म्हणाला,
आणि मग स्वतःच गॅस लावला.

सोमवारी पावणेसातला पोरगा आला.
मी डबी उचलली, साठ दिले.
"वाढवले, ताई?"
"लिही."
तो उजवीकडे वळला.
मी मशीन थांबवून शटरपर्यंत गेले,
आणि त्याला परत यायला किती वेळ लागतो
ते बघत उभी राहिले.