अनुरेखन

धंतोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर बोरगमवारांनी पडद्यावर माझा डोळा लावला
आणि मी सवयीनं चष्मा वर सरकवला.
नकाशा होता.

एकतीस वर्षं सिंचन विभागात अनुरेखिका होते मी.
कालवा, वितरिका, लघुवितरिका, चारी.
साहेबांनी पेन्सिलीनं काढायचं,
मी त्यावर ट्रेसिंग क्लॉथ अंथरून शाईनं गिरवायचं.
थेंब ओघळला तर ब्लेडनं खरवडायचा,
श्वास रोखून.

म्हणून त्यांनी बोट ठेवायच्या आधीच मला कळलं
कुठं तुंबलंय:
वरच्या अंगाला, जिथं एक वाहिनी दुसरीवरून जाते, तिथं.
त्याखालचं सगळं शिवार लाल.
"कालवा फुटला," मी म्हणाले.
"तसंच समजा. बीपी कधीपासून आहे?"
गाळ कधीपासून साचतोय
याची नोंद कोण ठेवतं, डॉक्टर.

"किती परत येईल?"
ते पेनाचं टोपण लावत राहिले.

घरी कॅलेंडरात मंगळवार नव्हता.
सोमवार होता, बुधवार होता,
मधे कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखं.
ह्यांच्या चेहऱ्याला कान होते, केस होते.
रात्री मोरीत नळ सोडून रडले,
ऐन मे महिन्यात, बादलीवर बादली.
सिंचनवालीनं.

दर महिन्याला एक सुई.
हो, डोळ्यातच.
बाहेर बाकावर हिरव्या टोप्या घातलेले आम्ही नऊ जण,
प्रत्येकाच्या भुवईवर स्केचपेनचा बाण,
चुकीच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून.
माझा बाण वाकडा होता. नर्सला सांगितलंही.
शेजारी गोळीबार चौकातले पौनीकर,
जन्म हातमागावर गेलेला.
"काहून घाबरून राहिल्या बाई?
मी बी पहिल्या खेपेला लय देव आठवले.
आता फक्त वरचा पंखा पाहतो.
मागच्या टायमाला दोन पाती दिसली होती,
आज तिसरं दिसलं का तुम्हाला पेढा."
ते आत गेले.
बाहेर आले तेव्हा पट्टी होती,
आणि पेढ्याचं मी विचारलं नाही.

परतताना रिक्षात डोक्याभोवती ओला दुपट्टा.
मुंजे चौकात मेट्रोचा पूल वाकलेला दिसला.
तो तिथं खरंच वळतो का,
तीस वर्षं याच रस्त्यानं ऑफिसला गेले
पण पूल तर तेव्हा नव्हताच.
ह्यांना विचारलं नाही.

एका सकाळी ह्यांनी एका डोळ्यावर रुमाल बांधला.
"पाहू दे मला बी, तुला कसं दिसते."
चहा बशीबाहेर, ओट्यावर, पायावर.
"बाप्पा, कपच सरकला!"
खूप दिवसांनी हसले मी. पोट धरून.
मग त्यांनी रुमाल सोडला.
तेवढंच ते.

फ्रीजवर डॉक्टरांनी दिलेला कागद आहे.
चौकटीच चौकटी, मधोमध एक ठिपका.
रोज एक डोळा झाकायचा, ठिपक्याकडे पाहायचं
आणि सांगायचं, रेघा सरळ आहेत का.
मला विचारतात. रेघा. सरळ आहेत का.

पंधरा दिवस मी त्या कागदाकडे पाठ करून दूध काढलं.

काल दुपारी कूलरसमोर पाट घेऊन बसले.
कपाटातून जुनं शाईचं पेन काढलं,
वाळलं होतं, कोमट पाण्यात धरलं.
चांगला डोळा तळहातानं झाकला
आणि दिसलं तसं काढलं:
दहावी रेघ खाली खचलेली,
अकरावी तिच्यात शिरलेली,
ठिपक्याच्या जागी काहीच नाही,
म्हणून काहीच नाही काढलं.
हात थरथरला नाही.

खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखली, ऑफिसात असायची तशी.
प्रमाण: नाही.
रेखन: या ओळीत नेहमी साहेबांचं नाव असायचं.
तिथं माझं लिहिलं.
अनुरेखन: तिथंही.
तपासले:

शाई वाळू दिली.
पुढच्या महिन्यात, बारा तारखेला,
पुन्हा काढेन.