दीड आटा

जुना दस्ता चिरला तेव्हा गंगोत्री रडली नव्हती.
नवा बसवल्यावर रडली.

रडली असंही नाही. टार्गेटचा कागद
चार घड्या घालून माझ्या टेबलावर ठेवला,
म्हणाली, "काका, हे तुमचं."
उलगडला. पाच भोकं,
एकमेकांची ओळख नसल्यासारखी.
तडकलेल्या लाकडात हीच रायफल
पाचही गोळ्या चार आण्याच्या नाण्याखाली झाकायची.

दस्ता पुंजाराम सुताराचा. अक्रोड.
जन्मभर त्याने पेठ रोडला सागाचे पलंग ठोकले
आणि ह्या एका ओंडक्याला एकवीस दिवस घेतले.
आतली इपॉक्सी माझी. लोखंडाला बुटाचं पॉलिश चोपडून,
रात्रभर बल्बच्या उबेला ठेवून
सकाळी उचललं, तर खाली
उशीवर गालाचा उठावा तसा ठसा.
म्हणजे चूक एक तर माझी नाही तर त्याची,
आणि म्हसरूळच्या रेंजवर चहा पिताना
आम्ही दोघं मनात एकमेकांचं नाव घेत होतो.

दहाची नोट काढली, नळी आणि लाकडाच्या फटीत
तोंडाकडून आत सारली.
सुळकन गेली, कुठे अडली नाही.
उलटी करून पुन्हा सारली. पुंजाराम बघत होता.
मागची साइट हलवून पाहिली: घट्ट.
गोळ्यांचा डबा बदलला. लॉट तोच, तरी बदलला.
बोल्टचा दांडा खाचेला टेकतोय का
ते टॉर्च धरून पाहिलं. नाही.
पट्टा सैल केला, आवळला, काढूनच टाकला.
गंगोत्रीला म्हणालो, श्वास बघ.
म्हणाली, श्वास माझा आहे, दस्ता तुमचा.

वाऱ्यावर ढकलावं, तर मखमलाबादकडे
द्राक्षबागांत थंडीसाठी पेटवलेला धूर
सरळ वर चाललेला, काठी रोवल्यासारखा.
लांब देवळालीकडे तोफांचा सराव.
पुंजाराम म्हणाला, "त्यांचं बरं असतं,
डोंगर चुकत नाही."

मग जे सगळ्यात आधी करायचं ते शेवटी केलं.
पुढचा स्क्रू सोडून हाताने फिरवत आणला.
स्क्रू कसा आवळावा: आधी सहज, मग जड,
मग मनगटाला लाकडाचा होकार कळावा.
हा आला सहज, सहज, आणि एकदम
भिंत.
हाताला घट्ट. सगळ्यांनाच घट्ट वाटला होता.
काढून पाहिलं तर टोक चकचकीत,
आतल्या तळाला डोकं आपटून आपटून.
स्क्रू जुनाच. दस्ता मात्र बुडाशी पातळ,
शेवटच्या दिवशी पुंजारामने हौसेनं
अजून एक हात फिरवला होता,
आणि मी ते न मोजता इपॉक्सी ओतली होती.
इतके दिवस स्क्रू स्वतःलाच आवळत होता,
रायफल नुसती वर टेकलेली.

छत्तीस वर्षं सातपूरच्या टूलरूममध्ये
मी पोरांना सांगत आलो: घट्ट लागलं म्हणजे धरलं असं नाही.
पोरांना.

कानस काढली. दीड आटा घासला.
पुंजाराम टोक न्याहाळत राहिला, बोलला काहीच नाही,
फक्त पडलेला कीस
तळहाताने एका बाजूला सारला.

गंगोत्री पालथी झोपली.
चार गोळ्या एकाच भोकात, कडा फाटलेलं,
पाचवी बोटभर डावीकडे.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात
गाल दस्त्यावरून न उचलता ती म्हणाली,
"पाचवी माझी."

पुंजारामने हात पुढे केला.
मला वाटलं, मिळवायला.
म्हणाला, ती दहाची नोट दे,
चहाचे राहिलेत.