छेद

फहाहील, जुलै. रिफायनरीची ज्योत
भर दुपारी धुळीत विझल्यासारखी दिसते.
मी सहा देशांचे क्षयाचे आकडे
एका तक्त्यात शेजारी शेजारी बसवते आहे,
पंगतीत पाहुणे बसवावेत तसे:
कोणाच्या पानात किती, हे एकमेकांना दिसावं.

शाळेत ठोंबरे बाई सांगायच्या,
अंश वर, छेद खाली,
आणि छेद शून्य आला तर गणित सोडून द्या.
भाकरी मोडून दाखवायच्या.
छेदात माणसं असतात
हे मला इथे येऊन कळलं.

या देशाचा लोकसंख्येचा मनोरा मनोऱ्यासारखा नाही.
खाली मुलं थोडी, वर म्हातारे त्याहून थोडे,
आणि मधे, पुरुषांच्या बाजूला, तीस ते पंचेचाळीस,
असा फुगवटा की
अर्धा चिरलेला भोवरा भिंतीला चिकटवलाय.
इथे कोणी म्हातारं होत नाही.
म्हातारं व्हायला लोक गावी जातात.

वयानुसार प्रमाणित करा, डॉक्टर बुथैना म्हणतात.
बाई चांगल्या आहेत. वेलचीची कॉफी स्वतः ओततात,
दशांश चिन्हापुढची दोन घरं त्यांना पाठ असतात.
मी प्रमाणित करते.
सगळ्या देशांना एकाच मापाचं वय चढवते,
शिवणीत थोडं धरून, थोडं सोडून.
आपला देश त्यात गुदमरतो.
हा ऐटीत उभा राहतो.

शकूर मुकादम कुठे मोजू?
मंडणगडचा. मंगाफच्या कॅम्पात एकोणीस वर्षं,
एसीच्या डक्टांसाठी पत्रा वाकवणारा.
शुक्रवारी सुकट घेऊन दारात उभा राहायचा:
"ताई, तुमच्याकडे शिजवा,
आमच्या खोलीतली पोरं नाक धरतात."
इकाम्याच्या तपासणीत त्याच्या फुप्फुसावर
तिळाएवढा डाग निघाला.
जुना आहे, बरा झालेला, तो सांगत राहिला.
फिल्मवर तारीख नसते.
अपात्र.
अकराव्या दिवशी विमान.

तो गेला तेव्हा अंशातून एक गेला
आणि छेदातूनही एक.
भागाकार जवळजवळ तोच.
किंचित सुधारलाच.

गावी खाजगी डॉक्टरने बाटल्या दिल्या, नोंद दिली नाही.
दोन वर्षांनी मैमुनावहिनीने दाखल्याचा फोटो पाठवला,
पैसे मिळतील का विचारायला.
मृत्यूचं कारण: हृदयक्रिया बंद पडल्याने.
ती तर सगळ्यांचीच पडते.
पुढच्या तक्त्यात आपल्या रकान्यात लिहून आलं:
हृदयविकार, किंचित वाढ.
त्या किंचितात शकूर आहे असं मला वाटतं.
तक्त्याला वाटणं चालत नाही.

मी तळटीप घातली.
आजारी कामगार मायदेशी पाठवले जातात,
ते या आकड्यात नाहीत, तुलना जपून करावी.
डॉक्टर बुथैनांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"राहू द्या," म्हणाल्या. मग जरा वेळाने,
"बारीक अक्षरात."

अहवाल छापून आला. तळटीप होती.
आकड्यावरची तारका नव्हती.
छापखान्यातला मोफिजुल ओशाळून म्हणाला,
धूळ वाटली, मॅडम, या वाऱ्यात काचेवर बसतेच,
म्हणून पुसून टाकली.

आता टीप पानाच्या तळाशी उभी आहे,
कोणाबद्दल बोलते ते कळत नाही,
परक्या गावच्या एसटी स्टँडवर
नुसतंच नाव पुकारावं तशी.

चाळीस प्रती माझ्या टेबलावर होत्या.
रात्री थांबून पेनाने एकेका प्रतीत ठिपका दिला,
तिळाएवढा, आकड्याच्या उजव्या खांद्यावर.
एकतिसाव्या प्रतीत शाई पसरली.
बाकीच्या साडेनऊशे
सकाळच्या विमानाने आधीच गेल्या होत्या.