अठ्ठाविसावी

तळघरात बटाट्यांचा वास, आणि तेलाचा.
एवर्ट लिंडबेक मला खुर्ची देत नसे,
दुधाचं क्रेट पालथं घालून देई.
म्हणे, टेकून बसलं की मोजायला चुकतं माणूस.

मी अकरा वर्षांची. कामाला फक्त माझे डोळे.
त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्यात हट्ट.

फळीवर डबे, त्याच्या हातच्या आकड्यांचे:
आठ-सत्तावन्न, मेव्हण्याची, खांदा सुजवणारी.
नऊ-तीन-बासष्ट, अस्वलासाठी राखलेली.
अस्वल एकदाच आलं,
तेव्हा हा दातांच्या डॉक्टरकडे.
तीनशे-आठ. "ही काय, कुठेही मिळते,"
म्हणताना तोंड असं करी
की कोणी कॉफीत साखर घातलीय.
आणि सगळ्यात खाली, हात आधी जाईल तिथे,
सहा-पाच-पंचावन्न.
पाढा म्हणावा तसं नाव घ्यायचा तिचं.
लांब मान, उतरते खांदे,
चर्चमध्ये मागच्या रांगेत गाणाऱ्या बाईसारखी.

झाडलेली पुंगळी तो शेवाळातून हुडकून आणी,
गुडघ्यांवर बसून,
सिग्नेची अंगठी हरवली तेव्हाही इतका बसला नव्हता.
दर खेपेला पितळेची मान थोडी वाढते,
ती कापायची, ज्योतीवर धरून मऊ करायची.
"आठ वेळा चालते," तो म्हणे. "नवव्यांदा मान फाटते."
स्वतः तेव्हा ऐंशीला एक कमी.

डॉक्टरीणबाईंनी दारू बंद केली होती, गोळ्या वाढवल्या होत्या.
सिग्ने जिन्यावरून ओरडे, "दोन गोळ्या घेतल्यास का?"
हा समोरच्या रांगेकडे बघत म्हणे,
"पन्नास आहेत. कुठल्या दोन?"

तब्येत तोळा-मासा झालेली,
पण ही दारू दाण्यानेही चुकायची नाही.
तो चमच्याला टिचकी मारी,
एक दाणा पडे, मोहरीहून बारीक, काळा.
काटा श्वासानेही हले,
म्हणून आम्ही दोघं श्वास धरून,
आणि मी म्हणे: आता.

शिकार सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी
मधेच फोन वाजला, सिग्नेच्या बहिणीचा, उमेओहून.
तो वर गेला, आला, आम्ही पन्नास पुऱ्या केल्या.
मग हात पुसता पुसता त्याने विचारलं,
"फोन आला तेव्हा कितवी होती?"
एकोणतिसावी, मी म्हणाले.
"अठ्ठाविसावी," तो म्हणाला.

एकीत दारूच नसेल.
किंवा एकीत दुप्पट.

मी म्हटलं, कानाशी हलवून बघू या.
त्याने ऐकलंही नाही. हातोडी घेतली.
ठक. गोळी वेगळी, दारू वेगळी, दारू काट्यावर.
ठक.
अठ्ठाविसावी बरोबर. एकोणतिसावी बरोबर.
मला वाटलं, आता थांबेल.
ठक.
खिडकीतून स्प्रूस दिसेनासे झाले,
सिग्नेने कॉफी आणून ठेवली, कपातलं चीज निवून रबर झालं,
ठक.

पन्नासच्या पन्नास बरोबर होत्या.

मी टाळ्या वाजवल्या. त्याने नाही.
चूक सापडली असती
तर डबीत घालून वर चिठ्ठी लावता आली असती.
आता ती कुठेच नव्हती,
म्हणजे त्याच्यातच कुठेतरी होती.

रविवारी पुन्हा पहिल्यापासून.
या खेपेला मोठ्याने मोजत:
मी स्वीडिशमध्ये,
तो त्याच्या आईच्या फिनिशमध्ये,
जी त्याला येते हे मला माहीतच नव्हतं.
"दोन भाषांत एकच चूक होत नाही," म्हणाला.
यक्सी, काक्सी, कोल्मे.

सत्तावीस झाल्या आणि फोन वाजला.
वर कोणी उचलला नाही.
वाजू दिला.
मी अठ्ठावीस म्हणून मोकळी झाले.
त्याचा आकडा लांबलचक,
खनिजाच्या मालगाडीएवढा, डब्यामागे डबा,
आणि मी क्रेटवर बसून राहिले,
शेवटचा डबा जाईपर्यंत.