वस्तू स्वच्छतेसाठी हलवली आहे

परळच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं दात केले.
दुसऱ्यांचे.
मेणात रचायचे, गुलाबी हिरड्या घासायच्या.
तोंडं माझ्याकडे डब्यातून यायची,
प्लास्टरची, ओलसर,
नावाऐवजी नंबर.
उघडं तोंड मी एकही पाहिलं नव्हतं.

आता शुक्रवार-शनिवार भायखळ्याला,
म्युझियमच्या मागच्या शेडमध्ये
मी कला शिकते.

वर्गात एक वकील आहे.
किड्यांचे पंख मोजणारा झुबैर आहे.
आणि रेवा टिपणीस, जिनं अठराव्या वर्षी कथक सोडलं
नि अजून टाचेनं फरशी चाचपते.
शेरनाझबाई म्हणाल्या, जे येतं ते चपलांसोबत बाहेर काढू नका,
आत घेऊन या.
मी पिशवीतून मेणाची सुरी काढली.
वाटलं होतं हसतील.

सबंध सत्राला एकच वस्तू. निवडा आणि बघत राहा.
वकिलानं संगमरवरी साहेब घेतला, मिशांसकट.
मी घेतली वरच्या मजल्यावरची, सतराव्या कपाटातली
वीतभर मातीची बाई.
पाखडतेय. सुपात काही नाही.
डावा हात मनगटापाशी संपलेला.

तीन आठवडे काढत होते.
चौथ्यात बाई मागे येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ.
"तू तिचा हात दुरुस्त करतेयस."
खरंच की.
प्रत्येक कागदावर मनगटाच्या पुढे
एक पुसट बोट, दीड बोट.
रिकामी जागा दिसली की भरायची,
पगारच त्याचा होता.

पाचव्या शनिवारी कपाट रिकामं.
आत एक पुठ्ठ्याची चिठी:
वस्तू स्वच्छतेसाठी हलवली आहे.
आणि धुळीत एक गोल,
बशीएवढा, स्वच्छ.

"तुटला नाही हो तो हात," मागून घोगळे म्हणाले.
पहारेकरी. बावीस वर्षं याच दालनात, उभे.
"केलाच नव्हता. भेग नाय तिथं.
कारागिरानं अंगठ्यानं पुसून घेतलंय,
अंगठ्याच्या रेघा हायत. खालून बघा, बसून."
मग डोळे मिटून त्यांनी ती बाई मला सांगितली,
कानातल्या भोकापर्यंत.
सांगताना हात तोंडापुढे.
वरचे चार दात नव्हते,
प्रत्येक स फटीतून निसटून जायचा.

तो स्वच्छ गोल मी काढला. नुसता गोल.
बाई काही बोलल्या नाहीत,
पण चहा त्यांनी आणला.

नंतर घोगळेंना विचारलं, माप घेऊ का तुमचं?
माप घेणं माझं काम नव्हे, ते डॉक्टरांचं.
मिस्किटा डॉक्टर शेडमध्ये आले, शेजारी उभे राहिले,
माझा हात धरून ट्रे आत सरकवला.
तीन मिनिटं.
बावीस वर्षं "हात लावू नका" एवढंच बोललेलं तोंड
माझ्यासमोर उघडं, ऊन, घाबरलेलं.
नाकानं श्वास घ्या, म्हणाले मी.
माझाच श्वास थांबला होता.

परीक्षेला बाहेरून एक गृहस्थ आले.
चष्मा वर करून विचारलं,
यात कला कुठली आणि धंदा कुठला?
मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही.
रेवानं टाच एकदा वाजवली, उगाच.

प्रदर्शनात माझ्या काचेखाली
पांढऱ्या दगडी प्लास्टरचा एक जबडा आहे.
चार दातांची जागा मी तशीच सोडली,
कडा अंगठ्यानं पुसून.
चिठी मीच लिहिली:
वस्तू वापरात आहे.

ती शेजारीच उभी असते, निळ्या गणवेषात,
येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगते,
हात लावू नका, साहेब.

साहेबातला स अजून किंचित घसरतो.
शनिवारी घासून देईन.