धन्यवाद म्हणण्याआधी

तासगावात सोमवारी सौदे.
टेबलावर बॉक्स फुटतो, हिरवा, पिवळा,
व्यापारी मूठ भरतो, वास घेतो,
दोन दाणे दाताखाली,
उरलेले खाली.
एकदा पायाखाली आले की ते कुणाचेच नसतात.
संध्याकाळी हौसाबाई झाडून नेतात,
वजनाच्या कुठल्याच वहीत त्यांची नोंद नसते.

कोल्ड स्टोरेजच्या माळ्यावर माझं टेबल,
खाली कॉम्प्रेसर दिवसभर घरघरतो.
तिथं बसून मी ती स्क्रिप्ट लिहिली:
पावतीचा फोटो पाठवा, लॉट सौद्याला लावा.
फोटो आला की सर्व्हर त्याला आधी
तात्पुरत्या फोल्डरात टेकवतो,
घरचं नाव बाजूला ठेवून
शेंडा ना बुडखा असं सहा अक्षरांचं नाव देतो.
स्क्रिप्ट चालू तोवर त्याचं आयुष्य.
तेवढ्यात कुणी उचलून जागेवर ठेवलं तर ठेवलं,
नाहीतर पुसलं जातं,
हौसाबाईंच्या झाडूइतकाही आवाज न होता.

मी सगळं तपासलं होतं हो.
आकार बघितला.
फोटोच आहे ना, की फोटोचं सोंग,
नावाच्या शेपटीवर न जाता पोटात डोकावून बघितलं.
आलेलं नाव जसंच्या तसं कुठं वापरलं नाही.
चोर येईल म्हणून इतकी कड्याकुलपं,
आणि चोर काही आला नाही.

आले सिद्राया बिरादार, उमदीहून,
दोन एसट्या बदलून.
पावती धुतलेल्या दुधाच्या पिशवीत, चार घड्या घालून.
"मुल्ला मॅडम, लॉट लागला न्हाई आमचा."
"फोटो पाठवला होता?"
"पाठवला की. मशीन धन्यवाद म्हणाली."

मोबाईल पुढे केला. खरंच.
हिरव्या पट्टीत, मीच लिहिलेलं,
धन्यवाद, आपली पावती मिळाली.
नातीकडून त्या पट्टीचा फोटो काढून घेतला होता त्यांनी.
धन्यवाद जपून ठेवलेलं होतं.
पावती माझ्याकडे नव्हती.

रविवारी डिस्क बदलली होती.
फोल्डर दुसऱ्याच्या नावावर गेलं,
माझ्या स्क्रिप्टला तिथं लिहायची मुभा राहिली नाही.
फाईल उचलायची ओळ "नाही" म्हणाली,
एकदा नाही, तेहतीसदा.
मी तिला विचारलंच नव्हतं.
तिच्या लगेच खालच्या ओळीत
मी हात जोडून हसत उभी.

लॉगमध्ये फक्त नावं उरली होती, घरची:
पावती नवीन. पावती खरी दोन.
आण्णांची. हीच घ्या.
दुरुस्ती एका 'जर'ची.
चहा निवायच्या आत झाली.

सिद्रायांनी खिशातून मूठ काढली,
"बघा तर, कसा झालाय."
माझ्या ओंजळीतून एक दाणा निसटला,
टेबलाखाली वायरींच्या जाळ्यात गेला.
ते गुडघ्यावर बसले, हात घातला,
फुंकर मारली
आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

ते गेल्यावर मी बत्तीस नंबर कागदावर उतरवले.
पहिला बंद लागला.
दुसऱ्यावर एक बाई म्हणाली, कोण बोलतंय?
आणि मला सुचेना
आधी कोठून सुरुवात करायची,
नावापासून,
की त्या हिरव्या पट्टीपासून.