डावी बाजू

आधी फक्त आवाज होता.
सायबर चौकाच्या गतिरोधकावर, डावीकडून, खालून,
टक्.
कुणीतरी दाढेखाली सुपारी फोडावी तसा.
मी म्हणाले, बॉल जॉइंट.
आप्पा काही म्हणाले नाहीत.
डोळ्यांच्या डॉक्टरनं गाडी बंद केल्यापासून
जयसिंगपूरच्या मगदूमला कॉन्टेसा द्यायची ठरली होती,
आणि मी आरसी बुक तांदळाच्या डब्यात लपवलं होतं.
चार दिवस आमचं बोलणं नव्हतं.

शनिवारी मागच्या चाकांना विटा लावल्या.
जॅक खालच्या आर्मला, स्प्रिंगच्या थेट पोटाखाली,
कारण दबून बसलेली स्प्रिंग उसळली
तर आधी बोटं मोजायची असतात.
हे आप्पांनीच शिकवलेलं, मी अकरा वर्षांची असताना,
नव्या फ्रॉकवर ग्रीस, आणि आईला दोघांनी मिळून मारलेली थाप.

रबरी टोपी फाटली होती.
आत ग्रीस कसलं,
गगनबावड्याच्या घाटातली तांबडी माती,
आणि तिच्यात पोलादी गोळा
आपल्याच वाटीत खिळखिळा,
अंगठ्यानं ढकलला तरी डुगडुगणारा.

स्प्लिट पिन तीन तुकड्यांत निघाली.
नट शिव्या खाऊन निघाला.
पण निमुळता दांडा भोकात असा रुतलेला
की कुठलं लोखंड कुणाचं, कळेना.
रॉकेल पाजलं. दोन हातोड्यांनी दोन्ही अंगांनी ठोकलं.
गॅलरीतून शिंत्रेकाकू म्हणाल्या, अगं मेस्त्री लाव की एखादा!
आप्पा खुर्चीत, पेपरच्या त्याच पानावर.

उद्यमनगरात दस्तगीरभाईंनी पुलर दिला,
स्वतःच्या लेथवर केलेला.
भाडं घेतलं नाही. म्हणाले,
"ताण द्या अन् सोडून द्या, बाई.
लोखंडाला बी इचार कराय रात लागती."

ताण दिला. पान्ह्याला पाइप घालून आणखी पाव आटा.
नट दोन आट्यांवर परत चढवून ठेवला,
सुटलंच तर उडायला नको.
काही झालं नाही.
आप्पांनी खुर्ची उचलली आणि आत नेली.

रात्री अडीचला
धाड्!
सगळ्या गल्लीची कुत्री उठली.
कुणाचा सिलिंडर गेला, म्हणत काकूंनी दिवा लावला.
मी बॅटरी घेऊन खाली धावले
तर आप्पा आधीच तिथं,
बनियनवर, अनवाणी,
अंधारात चाकाच्या जागी हात घालून
बोटांनी बघत होते.

"सुटला," म्हणाले.
माझ्याशी की गाडीशी,
मी विचारलं नाही.

मग कुणीच झोपलं नाही.
नवा जॉइंट खोक्यातून काढला
तो त्यांनी कानाशी धरून फिरवला.
घट्ट. मुका.
मी बोल्ट लावले, त्यांनी नट आवळला,
फाउंड्रीत चौतीस वर्षं घालवलेल्या मनगटानं,
आणि खाच भोकासमोर येईना
तेव्हा मी म्हणाले, थोडा मागं घेऊ?
"मागं न्हाई घ्यायचा. कधीच.
फुडच्या खाचंला न्यायचा."
नेला.
पिनेचे पाय वाकवताना त्यांचा हात थरथरला,
मी बॅटरी दुसरीकडे धरली.

पहाटे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन आलो.
मी चालवत होते, ते डाव्या सीटवर,
धारोष्ण दुधाचा फेस मिशीला तसाच.
स्टिअरिंग जरा ओढत होतं, अलाइनमेंट बाकी आहे.
परतताना गतिरोधकावर दोघांनीही श्वास धरला.
डावीकडून काही नाही.
आणि उजवीकडून, अगदी बारीक,
टक्.
आप्पा समोर बघत राहिले.

नऊ वाजता मगदूमचा फोन वाजला.
मी तांदळाच्या डब्याकडे पाहिलं.
आप्पा रॉकेलच्या चिंधीनं नखं पुसत होते.
"सांग त्याला," म्हणाले,
"उजव्या अंगाचं काम निघालंय.
लई दिवस लागतील."